पांढरीचं पाणी बदललं, अक्का

प्रिय अक्का,

सप्रेम जय भीम.

तुला शेवटचं पत्र लिहिलं ते तू नर्सिंगच्या ट्रेनिंगला औरंगाबादेला होतीस तेव्हा. मी पंधरा वर्षांचा असेन. ते पत्र तू परत पाठवलंस, लाल पेनानं माझ्या सगळ्या चुका काढून. खाली लिहिलंस, ‘किसन्या, सातवीत शाळा सुटली म्हणून लिहिणं सोडू नको.’ मला इतका राग आला की मी लिहिणंच सोडलं. आता सत्तरी जवळ आली. हात कापतो, वेलांट्या कुठल्या कुठं जातात, आणि लाल पेन घेऊन बसायला तू नाहीस.

मग आजच का लिहायला बसलो? येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होतंय. विहारात वंदना ठेवली आहे. तुझी सुजाता लातूरहून येणार आहे, आणि जाताना ती पांढरी घेऊन जाणार आहे. आपली जुनी गाडी गं. तिला तू कधी गाडी म्हणाली नाहीस. दावणीच्या गाईला हाक मारावी तशी ‘पांढरी’ म्हणायचीस.

सोमवारी सुजाताचा फोन आला.

“मामा, आईची गाडी लिंबाखाली उभी राहून सडून जाईल. मी चालवायला शिकले आता. लेकरांना शाळेत सोडायला होईल.”

“जुनी झाली गं ती.”

“असू द्या की जुनी. आणि तुम्ही पण चला. मागची खोली रिकामीच आहे. एकटे काय करून राहिलात लोह्यात?”

“बघू.”

“बघू न्हाई. बॅग भरून ठेवा.”

फोन ठेवला आणि मी लिंबाखाली जाऊन गाडीकडं बघत उभा राहिलो. तिला त्या गाडीचं काय माहीत आहे, अक्का? मी सांगितलं तेवढंच. आणि मी खोटं सांगितलं आहे. किल्ली तिच्या हातात जायच्या आधी मला खरं सांगावं लागेल. खरं सांगितल्यावर ती मला मागची खोली देईल का नाही, मला ठाऊक नाही. म्हणून आधी तुला सांगतो. तुला न विचारता मी सुजाताला कधी चॉकलेटसुद्धा दिलं नाही.

मंगळवारी गफ्फार मिस्त्रीला घरी बोलावलं. बॅटरी मेली होती, म्हणून गाडी त्याच्या दुकानाला नेता येईना. त्यानं बोनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण फिरवून काढलं, आत बोट घातलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. विटकरीच्या भुकटीसारखं लाल.

“मामा, हे पाणी कधी बदललं होतं?”

“घालत होतो की नेहमी.”

“घालणं येगळं, बदलणं येगळं. किती साल झाले?”

मी आठवून बघितलं. आठवेना. अक्का, आपण ही गाडी दुसऱ्याच्या हातची घेतली, तुझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. तेव्हापासून ते पाणी मी एकदाही पूर्ण काढलं नव्हतं. कमी झालं की वरून ओतायचं, एवढंच मला ठाऊक.

“कुठलं पाणी घालत होते?”

“बोरचं.”

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. त्याचा लाल डाग त्याच्याच कपाळावर उमटला. आपल्या बोरचं पाणी कसं आहे ते काय त्याला सांगायचं? चार दिवसांत तांब्याच्या आत पांढरा थर बसतो. आंघोळीच्या बादलीला दगडानं घासावं लागतं. तू माणसांसाठी फिल्टर बसवलास, आल्यागेल्याला त्यातलंच पाणी दिलंस. गाडीला मात्र मी मोरीतला लाल मग भरून बोरचं पाणी पाजत राहिलो.

मिस्त्रीनं खालचा बूच काढला. पाणी सुटलं ते पाण्यासारखं नव्हतंच, चहाच्या चोथ्यासारखं दाटसर होतं. लिंबाच्या बुडाशी त्याचं थारोळं झालं. मी ते बघत उभा राहिलो आणि मला तू जायच्या आधीची ती दोन वर्षं आठवली.

तू म्हणायचीस, “काळजी करायला सरकारनं माणसं भरली असती, तर आमचा किसन्या कलेक्टर झाला असता.” खरंच होतं ते. गॅसचं बटन मी तीनदा बघायचो. कुलूप लावून स्टँडपर्यंत गेलो तरी परत येऊन ओढून बघायचो. टायरची हवा रोज सकाळी अंगठ्यानं दाबायचो. तू गाडीत बसल्यावर दार लागलं का म्हणून वळसा घालून यायचो, आणि तू आतून म्हणायचीस, “लागलंय बाबा, लागलंय. आता बस, न्हाईतर पेशंट आपोआप बरा होईल.”

मग एवढ्या भित्र्या माणसानं इंजनच्या गरमीचा काटा कसा सोडून दिला?

सोडला नव्हता, अक्का. रोज बघत होतो. आधी तो माळाकोळीकडच्या चढावर चढायचा आणि उताराला खाली यायचा. मग सपाटीवर पण चढायला लागला. मग उन्हाळ्यात लोह्यातून बाहेर पडलो की लाल रेघेजवळ जाऊन बसायचा. मला सगळं दिसत होतं. पण भित्र्या माणसाचं एक असतं. जे बिघडणार नाही ते तो दहादा तपासतो, आणि ज्याची खरी भीती वाटते ते उघडून बघत नाही. मला भीती होती की मिस्त्री म्हणेल, इंजन गेलं, विकून टाका. आणि तू विकून टाकशील.

गाडी गेली तर मी कोण होतो तुझ्या घरात?

तू कधी असं बोलली नाहीस. बोलणारही नव्हतीस. माझी बायको गेली, मागं लेकरू नाही, तेव्हा तूच निरोप धाडलास, ‘ये इकडं, मला ड्रायव्हर पाहिजे.’ मी तुझ्याकडं ड्रायव्हर म्हणून आलो, अक्का. तुझ्या घरची भाकरी मी त्या स्टिअरिंगच्या जोरावर खात होतो, असं मला वाटायचं. तू रिटायर झालीस तरी आजूबाजूच्या गावांतून बायका तुला बोलवायच्या, कुणाची सून अवघडलेली, कुणाचं लेकरू दूध पीत नाही. पांढरी होती म्हणून मी लागत होतो. पांढरी नसती तर मी नुसता ताटावर बसणारा म्हातारा झालो असतो.

म्हणून मी काटा झाकला.

आठवतं तुला? डॅशबोर्डवर मधोमध तू बुद्धाची छोटी मूर्ती चिकटवली होतीस. मी ती उचलून माझ्यापुढं, बरोबर त्या काट्यासमोर लावली. तू शेजारच्या सीटवर बसलीस आणि लगेच म्हणालीस, “इकडं का सरकवलास?”

“तिकडं ऊन लागतं.”

“बुद्धाला ऊन लागतं व्हय?”

तू हसलीस. पण थोडा वेळ त्या मूर्तीकडं बघत राहिलीस. मला वाटलं, बाईला काही कळलं नाही. आता वाटतं, किती कळलं होतं तुला?

त्या दिवसाचं लिहितो आता. ते टाळून चालणार नाही.

सकाळचे दहा वाजले असतील. तू अंगणात मेथी निवडत बसली होतीस. मला हाक मारलीस तेव्हा तुझा आवाज रोजच्यासारखाच होता. “किसन्या, गाडी काढ. नांदेडला जायचंय. पळू नको, पण काढ.” मी बाहेर आलो तर तुझ्या कपाळावर घाम, आणि डावा हात उजव्या हातात धरलेला. तू जिभेखाली गोळी ठेवली होतीस. आयुष्यभर दुसऱ्यांची नाडी बघितलीस, तुला काय सांगायला पाहिजे होतं.

मी म्हणलं, “ॲम्ब्युलन्सला फोन लावू का?”

तू म्हणालीस, “ती येईपर्यंत आपण सोनखेड गाठू.”

सोनखेडच गाठलं आपण, अक्का. पुढं नाही.

तू मागच्या सीटवर आडवी झाली होतीस. मी आरशात तुला बघत होतो, रस्ता बघत होतो, मूर्तीच्या मागं वाकून काटा बघत नव्हतो. बोनेटच्या फटीतून वाफ आली, आणि मग इंजन एकदा खाकरलं आणि बंद पडलं. मी उतरून धावलो. जे करू नये म्हणून शाळकरी पोराला पण ठाऊक असतं, तेच केलं. गरम रेडिएटरचं झाकण फडक्यानं फिरवलं. उकळतं पाणी माझ्या उजव्या हातावर आलं. मी ओरडलो असेन. कारण तू मागून म्हणालीस,

“किसन्या, हात बघू.”

“तू पडून राहा, अक्का.”

“तोंडाला लागलं का?”

“न्हाई.”

“बाटली घे. हातावर ओत.”

ती पिण्याच्या पाण्याची एकच बाटली होती. मी ती रेडिएटरमध्ये घालायला घेतली होती. “हे गाडीला लागतंय,” मी म्हणलं. तू उठून बसलीस. छातीत दुखत असताना उठून बसलीस, आणि वॉर्डातल्या बायकांना दटावायचीस तशी मला दटावलंस. “ओत म्हणते ना. गाडी गेली खड्ड्यात. हात दे इकडं.” आणि तू स्वतः ती सगळी बाटली माझ्या हातावर रिकामी केलीस, हळूहळू, बारीक धारेनं.

किती वेळ गेला? घड्याळ बघायची मला हिंमत झाली नाही. पण अर्धा तास तरी गेला असेल. गाड्या थांबत नव्हत्या. एक भाजीचा टेम्पो थांबला, त्यात मागं रिकाम्या क्रेटच्या मधे मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसलो. तू डोळे मिटले होतेस. मला वाटलं झोपलीस. मग डोळे न उघडताच म्हणालीस, “हाताला पेस्ट लावू नको. लोकं लावतात. नुसतं पाणी घाल.”

त्यानंतर तू काही बोलली नाहीस. बोलली असशील तर टेम्पोच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. दुपारी दोनच्या आत सगळं संपलं.

सुजाता लातूरहून आली तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले, “थोडं आधी आणायला पाहिजे होतं.” ते सगळ्यांनाच असं म्हणत असतील का? म्हणत असतील. पण मी दाराशीच उभा होतो. तिनं बाहेर येऊन मला विचारलं, “मामा, एवढा वेळ कसा लागला?”

मी म्हणलं, “पाईप फुटला गं. एकदम. चांगला होता.”

पाईप फुटला नव्हता. पाईप अजून तोच आहे, मिस्त्रीनं परवा तो हातात घेऊन दाखवला.

सुजातानं माझ्याकडं बघितलं आणि तिला माझा हात दिसला. आईचा देह आत, आणि ही पोरगी खाली बसून माझ्या हाताला मलमपट्टी करायला लागली. “तुम्ही तरी काय करणार होता, मामा,” म्हणाली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच वेळी खरं बोललो असतो. तिनं पट्टी बांधली आणि माझं तोंड बंद झालं. तेव्हापासून दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला माझा आवाज खाली जातो. खोटं बोलणार नाही, हे मी कुठल्या तोंडानं म्हणू? शेजारच्यांना वाटतं म्हातारा थकला.

आता मंगळवारचं राहिलेलं सांगतो. त्यासाठी तर हे पत्र आहे.

लाल पाणी निघून गेल्यावर मिस्त्रीनं धुण्याचं औषध घालून, सोबत आणलेली बॅटरी जोडून इंजन चालू करून, पुन्हा सोडलं. मग म्हणाला, “वरून धुऊन उपयोग न्हाई, मामा. घाण खाली बसलीय. उलटं धुवावं लागंल.” त्यानं खालचा पाईप सोडवला आणि तिथून वरच्या दिशेनं पाण्याची नळी लावली. टाकीतलं फिल्टरचं पाणी आम्ही त्यासाठी वापरलं. रागवू नको. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग वरच्या तोंडातून भसकन काहीतरी बाहेर पडलं.

पिवळं. पिठल्याच्या गुठळ्यांसारखं पिवळं, मधे मधे काळपट.

मिस्त्रीनं एक गुठळी चिमटीत चुरडली, नाकाला लावली.

“हळद.”

मला वाटलं, थट्टा करून राहिला. “हळद कुठून येईल?”

“तुम्ही न्हाई टाकली?”

“मी कशाला टाकू?”

त्यानं हात धुतले, फडक्याला पुसले, लिंबाखालच्या दगडावर बसला. मी पण बसलो.

“मामा, एक बोलू का? बाईंनी टाकली असंल.”

“कोण बाई?”

“आपल्या सिस्टरबाई. अक्का.” तो माझ्याकडं बघत नव्हता. “तुम्ही बाजाराला गेले होते तवा दुकानावर आल्या होत्या. म्हणल्या, गफ्फार, गाडीखाली पाण्याचे थेंब पडून राहिलेत. मी म्हणलं, गाडी घेऊन या, बघतो. तर म्हणल्या, किसनला कळलं तर तो काळजीनं जेवायचा न्हाई. दुसरं काय असंल तर सांग.”

“मग?”

“मग मी सांगितलं. रस्त्यात अडकलं तर आमचे ड्रायव्हर लोक चमचाभर हळद टाकतात रेडिएटरात. भोक बुजतं, घरापर्यंत गाडी येते. पण एकदाच, असं बोललो होतो मी. अल्ला कसम, एकदाच.” तो त्या पिवळ्या गुठळ्यांकडं बघून म्हणाला, “पण सिस्टरबाई त्या. त्यांनी पूर्ण कोर्स केलेला दिसतो.”

मी हसलो, अक्का. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसलो. आणि मग मला लिंबाचं खोड धरून बसावं लागलं. मिस्त्री बिचारा पाणी आणायला धावला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “मी तर म्हणलं होतं, बाई, जुनी झाली, विकून टाका. बाई काय म्हणल्या ठाऊक हाय का? म्हणल्या, पांढरी गेली तर किसन्या कशाची काळजी करंल? माझीच करत बसंल.”

म्हणजे मी तुझ्या घरात राहावं म्हणून मी गाडी जपली, आणि मला काहीतरी हातात असावं म्हणून तू जपलीस? आणि दोघांपैकी एकानंही तिचं पाणी बदललं नाही? आपण दोघंच त्या घरात होतो, अक्का. एका ताटातली चटणी खायचो. एकमेकांना एवढं सांगायला काय झालं होतं?

मिस्त्री गेल्यावर मी पुढची सीट उचलून बघितली. खाली तुझ्या गोळ्यांचा एक जुना डबा होता. उघडला तर हळदीचा वास आला. आत लेकरांच्या औषधाबरोबर येतं ते प्लास्टिकचं माप, पिवळं झालेलं. म्हणजे मापानं घालत होतीस. मी बाजारात गेलो की गाडी थंड झालेली बघून, झाकण उघडून, मोजून. तो डबा मी फेकला नाही. फडताळात ठेवला आहे.

तुझ्यावर रागवू का? थोडं रागवतो. चाळीस वर्षं वाड्या-तांड्यांवर जाऊन बायांना सांगत फिरलीस, दुखणं अंगावर काढू नका, वेळेवर दवाखान्यात या. त्या जळकोटच्या बाईला तू किती बोलली होतीस, जिनं लेकराच्या जखमेत शेण भरलं होतं. आणि पांढरीचं दुखणं तू हळदीवर काढलंस. तू शिकलेली होतीस, अक्का. मी सातवी. तुला तरी कळायला पाहिजे होतं की भोक बुजतं तशी पाण्याची वाट पण बुजते.

पण हे लिहिलं आणि लगेच पेन थांबला. मिस्त्री जाताना म्हणाला होता, “मामा, हळदीचं सुजाताताईला नका सांगू. गेलेल्या माणसाचं कशाला?” दोन दिवस मी त्यावर विचार केला. हळदीचं लिहिलं तर असं दिसेल का, की म्हातारा आपला दोष मेलेल्या बहिणीच्या पदरात टाकतोय? आणि नाही लिहिलं तर? तर पुन्हा तेच झालं की. कुणाला त्रास नको म्हणून झाकायचं. त्याच झाकण्यानं तर आपण सोनखेडच्या पुढं गेलो नाही.

म्हणून लिहितो, पण नीट लिहितो. तू थेंब बघितलेस, मी काटा बघत होतो. चार थेंबांवरून माणसाला कळत नाही. काट्यावरून कळतं. काटा दोन वर्षं माझ्या नाकासमोर होता आणि मी त्याच्यापुढं बुद्धाला उभं केलं. तुझी हळद चूक होती. माझं पाप होतं. यात मला कुणी वाटेकरी नको.

बुधवारी मिस्त्री परत आला. उलटं-सुलटं किती वेळा धुतलं ते मी मोजलं नाही. दर वेळी तो काचेच्या ग्लासात पाणी धरून उन्हाकडं बघायचा, तू लघवीची तपासणी बघायचीस तसं. पिवळं, फिकं पिवळं, गढूळ. मग एकदा ग्लासातून मला त्याची बोटं दिसली. तो म्हणाला, “बस्स, मामा. आता प्यायचं असंल तर प्या.” वरचं झाकण नवं बसवलं, जिथून थेंब पडायचे तिथं डाग दिला, आणि बाजारातून आणलेलं ते हिरवं कूलंट भरलं. बोरच्या पाण्याचा लाल मग त्यानं स्वतः उचलून परत मोरीत नेऊन ठेवला.

गुरुवारी आम्ही गाडी काढली. मी म्हणलं, सोनखेडपर्यंत जाऊ. मिस्त्रीला कळलं, तो शेजारी बसला. मूर्ती मी निघायच्या आधीच काढून घेतली होती. काटा उघडा. माझी नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. तो हळूहळू वर आला, निम्म्यावर आला आणि तिथं थांबला. लोह्याच्या बाहेर थांबलेलाच. ऊन चढलं तरी थांबलेलाच. ती जागा आली. रस्त्याच्या कडेला ते बाभळीचं झाड, पलीकडं पंपाची खोली. मी पाय ब्रेकवर नेला होता, पण मिस्त्री म्हणाला, “चलू द्या, मामा,” आणि पांढरी त्या जागेवरून पुढं गेली. काटा निम्म्यावर.

एवढंच करायचं होतं, अक्का? दोन दिवसांचं काम होतं. दोन दिवस पांढरी मिस्त्रीच्या दुकानावर उभी राहिली असती, तू कुरकुरली असतीस, मी चार चकरा मारल्या असत्या, आणि त्या दिवशी आपण नांदेडला वेळेत पोचलो असतो. पोचूनही तू गेली असतीस का? असेल, तुझ्या नशिबी तेवढंच असेल. पण मग तुझ्या आठवणीत तो रस्त्यावरचा अर्धा तास नसता. ती बाभळ नसती. आणि शेवटच्या बाटलीतलं पाणी माझ्या हातावर गेलं नसतं.

येताना मी बुद्धाची मूर्ती परत मधोमध चिकटवली, तू लावली होतीस तिथं. काट्यापुढं डिंकाचा गोल डाग राहिला आहे. मिस्त्री म्हणाला, रॉकेलनं निघंल. मी नको म्हणलं. सुजाता गाडीत बसली की तिला तो दिसेल आणि ती विचारेल, हे काय? विचारू दे. पत्र वाचलेलं असेल तर विचारायची गरज पण पडणार नाही.

कारण हे पत्र तुला पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी एवढाही अडाणी नाही. तोंडानं सांगायला बसलो तर मी पुन्हा घाबरेन, पुन्हा पाईप फुटेल. म्हणून हे तिलाच देणार आहे. बॅग मी भरली आहे, तिनं भरा म्हणलं म्हणून. दोन धोतरं, स्वेटर, बीपीच्या गोळ्या, तुझा फोटो. पण ती दारात ठेवली नाही, आतच ठेवली आहे. वाचून झाल्यावर ती म्हणाली, चला मामा, तर आणेन. नाही म्हणाली तर बॅग आतच राहील आणि मी दारात उभा राहून तिला गाडी मागं घ्यायला हात करेन. एकटी गेली तरी पांढरी तिला लातूरपर्यंत नेईल, मधे कुठं थांबणार नाही. त्याची काळजी आता मला नाही. बघ, एका गोष्टीची तरी नाही.

तुला शब्द देतो, अक्का. रविवारी वंदना झाली की सगळ्यांच्या आधी सुजाताला लिंबाखाली घेऊन जाईन. आधी हे पत्र तिच्या हातात देईन, मग किल्ली. ती वाचेपर्यंत तिथंच उभा राहीन, आत पळणार नाही. आणि त्या सकाळी चौथं शील मोठ्यानं म्हणेन, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढं.

हात बरा झाला आहे. डाग राहिला, पण बोटं सगळी चालतात. पेस्ट लावली नव्हती. नुसतं पाणी घातलं, तू सांगितलं तसं.

तुझा,
किसन्या